स्टॉकहोमचं शेप्सहोल्मेन: गोदीत आयुष्य काढलेल्या माणसाला तिथे दाखवण्यासारखं काही आहे का?

मोगरा
नमस्कार मंडळी. जूनच्या सुरुवातीला बाबांना घेऊन स्टॉकहोमला धाकट्या बहिणीकडे जाते आहे. बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. वय पंचाहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण जहाज दिसलं की चाल बदलते. वासा या पाण्यातून वर काढलेल्या जुन्या जहाजाचं संग्रहालय बघणारच आहोत, त्यावर वाद नाही.

बहीण म्हणते, त्याच्या अलीकडे शेप्सहोल्मेन नावाचं बेट आहे, अगदी शहराच्या मध्यात. तीनशेहून जास्त वर्षं ते स्वीडिश नौदलाचं होतं, तिथे अर्धा दिवस देऊ. मी जरा शोधलं तर तिथे आता आधुनिक कलेचं संग्रहालय, पूर्व आशियाच्या कलावस्तूंचं संग्रहालय, वास्तुकलेचं केंद्र, चित्रकलेचं कॉलेज. नौदल कुठाय? बाबांना पिकासोसमोर उभं केलं तर ते चौकटीचे खिळे तपासतील.

कोणी गेलं आहे का? नौदलाच्या खुणा खरंच उरल्यात की फक्त माहितीफलकावर? आणि चालणं किती पडतं?

टिवल्याबावल्या
पहिला! :) माहिती शून्य, पण बाबा आवडले.

बर्फातला_बाजीराव
मोगरा, मी स्टॉकहोममध्येच राहतो, ऑफिसातून दुपारी चालत जातो इतकं हे बेट जवळ आहे. बहिणीचं ऐका.

आधी जायचं कसं ते सांगतो. मेट्रोच्या निळ्या मार्गावरचं शेवटचं स्टेशन कुंग्सत्रेदगोर्देन. ते स्टेशनही घाई न करता बघा, जमिनीखाली खडकात कोरलंय आणि वर कधीकाळी असलेल्या माकालोस नावाच्या राजवाड्याच्या आठवणी खाली मांडल्यात. तिथून बाहेर पडून पाण्याच्या कडेने, ग्रँड हॉटेलवरून, राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या पुढे गेलं की शेप्सहोल्म पूल. १८६१चा लोखंडी पूल आहे, कठड्यावर सोनेरी मुकुट. मुकुट पुढे आणि राजवाडा मागे असा फोटो काढायला तिथे कायम गर्दी. बाबांना पुलाचे रिव्हेट दाखवा, फोटो तुम्ही काढा.

चालायचं नसेल तर ६५ नंबरची बस थेट बेटावर जाते. सगळ्यात उत्तम म्हणजे स्लुसेनहून युरगोर्देनला जाणारी फेरी. ती मध्ये शेप्सहोल्मेनला थांबते आणि शहराच्या बस-मेट्रोचंच तिकीट तिच्यावर चालतं. म्हणजे येताना बोट, बेट बघून पुन्हा बोट, पलीकडे वासा. गुडघे वाचतात.

बेट लहान आहे. रमतगमत कडेकडेने फेरी मारली तरी तासाभराचं काम. पाण्याकाठचा रस्ता बराचसा सपाट, मध्यभागी मात्र चढ.

स्पष्टवक्ता_पुणेकर
मी उलट सांगणार. फार अपेक्षा ठेवू नका. आम्ही गेलो तेव्हा पिवळ्या रंगाच्या लांबच लांब इमारती, शांतता आणि वारा. नौदल १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथून उठलं आणि मुस्को बेटावर डोंगराच्या पोटात खोदलेल्या तळावर गेलं. राहिली ती रिकामी खोकी, त्यात सरकारने कला भरली. संग्रहालयात उभ्या केलेल्या बोकडाच्या पोटाभोवती मोटारीचा टायर अडकवलेला पाहिला आणि मी कॉफी प्यायला बाहेर पडलो. जहाजांची आवड असेल तर वासालाच दुप्पट वेळ द्या.

रंगारी_बाई
पुणेकर, तो बोकड रॉबर्ट राउशेनबर्गचा 'मोनोग्राम' आहे हो! गेल्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या कलाकृतींपैकी एक. लोक तो बघायला विमानाने येतात आणि तुम्ही कॉफीला गेलात.

स्पष्टवक्ता_पुणेकर
कॉफी बरी होती.

कुलाबा_ते_कल्याण
नौदल उठल्यावर भरपूर वर्षांनी कला आली असं वरच्या प्रतिसादावरून वाटतं, तर थोडी दुरुस्ती. मोदेर्ना म्यूझेएत हे संग्रहालय १९५८मध्येच नौदलाच्या कवायतीच्या हॉलमध्ये सुरू झालं. म्हणजे दहाएक वर्षं खलाशी आणि चित्रकार एकाच बेटावर नांदत होते. मला त्या काळाचं फार कुतूहल आहे. सकाळी इकडे परेड आणि तिकडे मार्सेल द्युशाँवर चर्चा!

आताची संग्रहालयाची इमारत १९९८ची, स्पॅनिश वास्तुरचनाकार राफाएल मोनेओची. जुना कवायतीचा हॉल वास्तुकला आणि डिझाइनच्या केंद्राकडे गेला. तो हॉल बाबांना दाखवा. रांगेत शिपाई चालवायला बांधलेली जागा कशी असते ते उंचीवरून लगेच कळतं.

बाप्पा_वर्धेचे
बाप्पा! कवायतीच्या हॉलात चित्रं? आमच्या इकडं शाळेच्या हॉलात धान्य ठेवते निवडणूक संपली की. थे बी कलाच हाय एक परकारची.

मोगरा
बर्फातला_बाजीराव, फेरीची माहिती सोन्यासारखी आहे, धन्यवाद. पुणेकर, तुमचंही पटतंय, म्हणून तर विचारलं. पण मला अजून नेमकं कळलं नाही, जहाजाशी संबंधित असं तिथे काय काय हात लावून बघता येईल?

डोलकाठी
मोगराताई, मर्चंट नेव्हीत होतो, त्यामुळे मला ते बेट वेगळं दिसलं. माझा अनुभव जरा सविस्तर लिहितो.

पुलावरून उतरलं की उजव्या हाताला पांढरंशुभ्र तीन डोलकाठ्यांचं जहाज दिसतं, 'आफ चापमन'. १८८८मध्ये इंग्लंडात व्हाइटहेवनला बांधलं. पोलादी सांगाडा, मूळ नाव 'डनबॉयन', मालवाहू. पुढे मालक बदलले, नाव बदललं, आणि १९२३मध्ये स्वीडिश नौदलाने ते प्रशिक्षणासाठी घेऊन त्याला आपल्या थोर जहाजबांधणीकाराचं नाव दिलं. नौदलातलं काम संपल्यावर ते भंगारात जायच्या बेताला होतं, स्टॉकहोमच्या शहर-संग्रहालयाने १९४७मध्ये वाचवलं. १९४९पासून त्यावर प्रवाशांचं वसतिगृह आहे. आजही! तुम्ही तिथे खोली घेऊन झोपू शकता. केबिन चिमुकल्या, गोल खिडकी, बाहेर जुनं शहर. समोर जमिनीवरच्या इमारतीतही त्याच वसतिगृहाच्या खोल्या आहेत, पण बाबांना एक रात्र जहाजावरच काढू द्या. बंक खालचा मागून घ्या म्हणजे झालं.

मग बेटाच्या पूर्वेच्या बाजूला जा. तिथे जुन्या लाकडी आणि वाफेच्या बोटी ओळीने लावलेल्या असतात. खाजगी मालकांच्या आहेत, पण बहुतेक बोटींसमोर धक्क्यावर पाटी असते: कुठे बांधली, कशासाठी वापरली, इंजिन कोणतं. शनिवार-रविवारी मालक स्वतः डांबर, रंग, दोरखंड घेऊन बसलेले असतात. माझा सगळा वेळ तिथे गेला. एका म्हाताऱ्याने इंजिनघरात उतरवून तेलाचा डबा हातात दिला आणि मग भाषेची काही अडचण आली नाही.

पुणेकरांना रिकामी खोकी दिसली कारण ते पश्चिमेच्या बाजूनेच परत फिरले असणार.

स्पष्टवक्ता_पुणेकर
डोलकाठी, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवून होतात का? (पूर्वेला वारा होता.)

चहात_बुडालेला
विक्रांत आठवली.

कुलाबा_ते_कल्याण
तीच तर जखम आहे. 'आफ चापमन'ला एका शहराच्या संग्रहालयाने वाचवलं. आपली विक्रांत १९९७मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून होती, शाळेच्या सहलीत मी तिच्या डेकवर पळालोय. २०१२मध्ये बंद झाली आणि २०१४मध्ये दारूखान्यात तोडायला गेली. एकाहत्तरच्या युद्धातली विमानवाहू नौका! विराट तर आलंगला गेली.

बाप्पा_वर्धेचे
अन् तिच्या लोखंडाची मोटरसायकल केली नं आपण! माह्या मेव्हण्याकडं हाय. म्हणते, "भाऊ, विक्रांतवर बसून दूध आणायले चाललो."

चहात_बुडालेला
=)) =)) मेव्हण्यांना सलाम.

दर्यासारंग_नव्हे
भावना समजतात, पण तुलना तितकी सरळ नाही. 'आफ चापमन' तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, विक्रांत साधारण वीस हजार टनांची विमानवाहू नौका. खाऱ्या, उष्ण पाण्यात तिचा तळ राखायचा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न होता. बाल्टिकचं पाणी थंड आणि इतकं कमी खारट आहे की लाकूड खाणारा जहाजकिडा तिथे टिकत नाही. वासा म्हणून तर ३३३ वर्षांनी जवळजवळ अख्खी वर आली. आपल्याकडे ती दहा-वीस वर्षांत पोखरली गेली असती. आणि आपण काहीच राखत नाही असंही नाही, विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी किनाऱ्यावर चढवून ठेवली आहे, आत जाऊन बघता येते.

डोलकाठी
किडा आणि मिठाचा मुद्दा सोळा आणे बरोबर. मालवणच्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा, तळ दरवर्षी का ओढून काढावा लागतो ते.

मालवणी_खाजा
बोलावलात काय? आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात अजून लोक रवतत. तिकीट काढून युरोप कशाक व्हया? :P

हेलसिंकीची_सून
मालवणी_खाजा, अगदी हाच मुद्दा घेऊन आले होते! मोगरा, बहिणीकडून रात्रीच्या जहाजाने हेलसिंकीला या. इथलं सुओमेनलिन्ना हे असंच, पण माणसांचं बेट आहे. स्वीडिश राजवटीत १७४८मध्ये ऑगस्टिन एरेनस्वर्डच्या देखरेखीखाली किल्ला बांधायला घेतला, १८०८मध्ये रशियाच्या हाती पडला. आता जागतिक वारसा आहे आणि तरीही साधारण आठशे लोक तिथे राहतात. सकाळच्या फेरीत पर्यटकांच्या उलट्या दिशेने दप्तरवाली पोरं येताना दिसतात. तिथे जुनी सुकी गोदी अजून चालू आहे, लाकडी शिडाची जहाजं दुरुस्तीला येतात. 'वेसिक्को' नावाची दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी आहे. फिनलंडची नौदल अकादमीही तिथेच. शेप्सहोल्मेनवर संध्याकाळी संग्रहालयं बंद झाली की कोण उरतं?

बर्फातला_बाजीराव
कोण उरतं म्हणजे? कॉलेजची पोरं उरतात, जुन्या टॉर्पेडो कारखान्यातल्या नाट्यगृहाचे प्रेक्षक उरतात (हो, टॉर्पेडो दुरुस्त व्हायचे तिथे आता नाटकं होतात), हॉटेलातले पाहुणे उरतात. ते हॉटेल ज्या लांबलचक इमारतीत आहे ती १६९९ची, बाराव्या कार्लच्या शरीररक्षकांसाठी बांधलेली. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि खडकावर माणसं पाय सोडून बसलेली असतात.

पण राहणारी वस्ती जवळजवळ नाही, हे मान्य.

सातबारा
इतका वेळ फक्त वाचत होतो, आता राहवत नाही. या धाग्यातला खरा मुद्दा कोणी बोलतच नाही. राजधानीच्या मधोमध, राजवाड्यासमोर, चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन सैन्याने सोडली आणि तिथे एकही टॉवर उभा राहिला नाही! कारण सरळ आहे, जमीन विकलीच नाही. बेटावरच्या इमारती आजही स्वीडनच्या राष्ट्रीय मालमत्ता मंडळाच्या ताब्यात आहेत, भाड्याने दिल्या जातात. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपण लोअर परळच्या पुलावर रोज उभं राहून बघतो. आता पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनींची पाळी. माझगाव, शिवडी, दारूखाना... तिथे काय होणार यावर मी पैज लावणार नाही.

दर्यासारंग_नव्हे
सातबारा, अर्धं पटलं. पण सरकारी मालकी म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही. घर नाही, किराणा दुकान नाही, शाळा नाही. सगळं भाडं सरकारी अनुदानावरच्या संस्थांनी सरकारलाच द्यायचं, या खिशातून त्या खिशात. कोपनहेगनचं होल्मेन बघा. तिथून नौदलाचा तळ १९९३मध्ये बंद झाला. वास्तुकला, चित्रपट वगैरेंची विद्यालयं आली, शेजारी डॉकोएनवर २००५मध्ये भव्य ऑपेरागृह आलं, आणि लोकांना राहायला घरंही बांधली. अठराव्या शतकातला डोलकाठ्या बसवायचा उंच क्रेनमनोरा जागच्या जागी ठेवला. थोडं नौदल नुहोल्मवर अजून आहे. म्हणजे विकणं आणि गोठवणं यांच्यामध्येही वाट असते.

सातबारा
ती वाट डेन्मार्कमध्ये असते. मुंबईत तिच्यावर दुसऱ्याच दिवशी पार्किंग होतं.

रंगारी_बाई
+१ सातबारांना. आणि कलेला "भरलेली खोकी" म्हणणाऱ्यांसाठी: १९६६मध्ये याच बेटावर, त्या जुन्या कवायतीच्या हॉलात, निकी द सां फाल, जाँ तँगली आणि पेर ओलोफ उल्टवेट यांनी 'होन' उभी केली. भली मोठी, रंगीबेरंगी, उताणी झोपलेली गर्भवती स्त्री. प्रेक्षक तिच्या मांड्यांमधून आत शिरायचे, आत छोटं चित्रपटगृह, एका स्तनात दुधाचा बार! तीन महिन्यांनी तोडून टाकली. ज्या फरशीवर शतकभर टाचांची टापटाप होती तिथे हे!

बाहेर अंगणात निकी आणि तँगलीचीच 'स्वर्ग' नावाची शिल्पं आहेत, १९६७च्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली. तँगलीची काळी यंत्रं निकीच्या गोलमटोल बायकांवर चाल करून जाताहेत. त्यासाठी तिकीट लागत नाही. मोगरा, तुझे बाबा फिटर आहेत ना? तँगलीची यंत्रं त्यांना दाखवच. चाकं, पट्टे, शाफ्ट, सगळं उघडं. त्यांचं मत मला ऐकायचंय.

चहात_बुडालेला
दुधाचा बार म्हटल्यावर बाप्पांच्या मेव्हण्यांची आठवण झाली.

बाप्पा_वर्धेचे
मेव्हण्याले यात ओढू नका. थो सोज्वळ माणूस हाय.

इतिहासाचार्य_लहान
गप्पांमध्ये थोडा इतिहास घुसवतो, क्षमस्व. मुळात बेट लहान का आणि नौदल तिथे कशाला, हे कळलं तर इमारती वाचता येतात.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडिश आरमाराची गोदी शेजारच्या ब्लासिएहोल्मेनवर होती, म्हणजे आता जिथे ग्रँड हॉटेल आहे त्या भागात. वासा तिथेच बांधली, १० ऑगस्ट १६२८ला निघाली आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बुडाली. त्यानंतरच्या दशकात आरमार सरकलं शेप्सहोल्मेनवर. पण स्टॉकहोमची मोठी अडचण बर्फ. वसंतातही बर्फात अडकलेलं आरमार डेन्मार्कशी काय लढणार? म्हणून १६८०मध्ये दक्षिणेला कार्ल्सक्रोना वसवलं आणि मोठी जहाजं तिकडे गेली.

तरी शेप्सहोल्मेन ओस पडलं नाही, कारण स्टॉकहोमच्या बाहेर हजारो बेटांचा पसारा आहे. उथळ, अरुंद, वाऱ्याचा भरवसा नसलेलं पाणी. तिथे मोठी शिडाची जहाजं निरुपयोगी, वल्ह्यांची हलकी जहाजं हवीत. हे कोकणच्या वाचकांना समजावून सांगायला नको, खाडीत शिरणारी गलबतं इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना कशी चकवायची ते आपल्याला ठाऊक आहे. स्वीडनने १७५६मध्ये असं वेगळं बेटांमधलं आरमार काढलं आणि त्याच्यासाठी नव्या जातीची जहाजं आखली ती फ्रेडरिक हेन्रिक आफ चापमनने. डोलकाठींनी सांगितलेलं जहाज ज्याच्या नावाचं आहे तो हाच.

बेटाच्या मध्यावर गोल घुमटाचं देऊळवजा चर्च दिसेल. फ्रेडरिक ब्लूम या लष्करी वास्तुरचनाकाराने ते नौदलासाठी बांधलं, १८४२मध्ये पुरं झालं. २००२मध्ये तिथली उपासना बंद झाली. आता तो संगीताचा सभागृह आहे, एरिक एरिकसन या गायकवृंदाच्या संचालकाच्या नावाने. आतला आवाज असा गोल फिरतो की वाद्याची गरजच वाटत नाही.

मोगरा
वा! आता रंगत आली. बाबांना वाचून दाखवते आहे, ते "बर्फ" ऐकून गप्प झाले. म्हणाले, मुंबईत आम्हाला पावसाचीच कटकट.

डोलकाठी
छोट्या पुलावरून पलीकडे कास्टेलहोल्मेनला जायला विसरू नका, पाच मिनिटांचं अंतर. लाल ग्रॅनिटच्या खडकावर लालच विटांचा बुटका किल्ला आहे. आधीचा १८४५मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात उडाला, हा त्यानंतरचा, तोही ब्लूमचाच. त्याच्यावर रोज नौदलाचा तीन शेपट्यांचा झेंडा चढतो. झेंडा वर आहे म्हणजे देश युद्धात नाही, असा संकेत.

आणि तारीख बघा! ६ जून हा स्वीडनचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी दुपारी बाराला शेप्सहोल्मेनवरून एकवीस तोफांची सलामी असते. राजाच्या वाढदिवसाला, ३० एप्रिललाही. जूनच्या सुरुवातीला जाताय ना? मग एवढं बसवाच. नौदल उठून गेलं, तरी तोफा ठेवून गेलं.

स्पष्टवक्ता_पुणेकर
हे मला माहीत नव्हतं. सलामीसाठी मी परत जाईन. वारा असला तरी.

मोगरा
६ जूनला आम्ही तिथेच आहोत!! डोलकाठी, तुम्हाला बहिणीच्या हातची पुरणपोळी लागू.

रंगारी_बाई
पूर्व आशियाच्या संग्रहालयाबद्दल कोणी बोललं नाही. चीनमधली मातीची रंगीत भांडी, चारपाच हजार वर्षांपूर्वीची. योहान गुन्नर आंदेरसन हा स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञ तिकडे खनिजं शोधायला गेला आणि अश्मयुगीन वस्त्या शोधून आला. त्यातून १९२६मध्ये संग्रहालय निघालं, १९६३पासून ते या बेटावर आहे. इमारतीखाली खडकात नौदलाने युद्धकाळात खोदलेली भुयारं आहेत. २०१०मध्ये चीनचे मातीचे सैनिक प्रदर्शनाला आले ते त्या भुयारांत उभे केले होते. नौदलाच्या बंकरमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचं पायदळ!

गोदीकामगार_७८
या संकेतस्थळावर मी फक्त वाचतो, पण धाग्यात डॉकयार्ड आलं म्हणून लिहितो. मोगरा, तुमचे वडील कदाचित माझ्याच काळातले असतील. गोदीवाल्या माणसाला जहाजापेक्षा जहाज जिथे उघडं पडतं ती जागा बघायची असते. शेप्सहोल्मेनच्या समोर, वासाच्या बाजूला, बेकहोल्मेन नावाचं लहान बेट आहे. युरगोर्देनवरून पुलाने चालत जाता येतं. तिथे अख्खा खडक फोडून सुक्या गोद्या केल्यात, पहिल्या दोन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या, मोठी १९२०च्या दशकातली. चालू आहेत. माझा मुलगा गोटेनबर्गला असतो, त्याच्यासोबत गेलो होतो. कठड्यावरून खाली बघितलं तर एका फेरीबोटीचा पंखा उतरवलेला. तासभर हललो नाही, मुलगा कंटाळून आइस्क्रीम खाऊन आला.

आणि वासा १९६१मध्ये वर काढल्यावर तिला पहिल्यांदा नेलं ते याच मोठ्या गोदीत. पाणी उपसलं आणि ती आपल्या तळावर उभी राहिली. संग्रहालयात तिच्याकडे बघण्याआधी ही गोदी दाखवा.

जाता जाता: मुंबईच्या गोदीतून वाडियांनी १८१७मध्ये सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. आपली जहाजं टिकतात, आपल्याकडे टिकत नाहीत.

कुलाबा_ते_कल्याण
काका, नेहमी लिहीत जा हो.

हेलसिंकीची_सून
खरंच. काका, हेलसिंकीच्या गोदीलाही या, आइस्क्रीम मी देते.

बर्फातला_बाजीराव
बेकहोल्मेन मला कधी सुचलंच नसतं! मोगरा, मग क्रम असा ठेव. सकाळी फेरीने शेप्सहोल्मेन, पूर्वेच्या बोटी, कास्टेलहोल्मेन, बाराला तोफा. त्यानंतर डबा. संग्रहालयाच्या हिरवळीवर बाकं आहेत, समोर पाण्यापलीकडे ग्रोना लुंड या करमणूक-बागेच्या पाळण्यांतून किंचाळ्या ऐकू येतात. मग फेरीने युरगोर्देन, बेकहोल्मेन, शेवटी वासा. दमलात तर वासा दुसऱ्या दिवशी. रोख पैसे काढत बसू नका, इथे जवळजवळ सगळीकडे कार्डच चालतं. जून असला तरी पाण्याकाठी विंडचीटर लागतंच, या एका बाबतीत पुणेकर खरं बोलतात.

मोगरा
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी अख्खा धागा चष्मा लावून वाचला. आफ चापमनवर एका रात्रीची केबिन बघतोय, बहीण रुसली आहे की घर असताना जहाज कशाला. गोदीकामगारकाकांसाठी बाबांचा निरोप: "मशीन शॉपला होतो, तुम्ही कुठे?" आणि एक प्रश्न: बेकहोल्मेनच्या मोठ्या गोदीचं दार तरंगतं केसन आहे की बिजागरीची झडपं?

बर्फातला_बाजीराव
हे मला विचारू नका, मी आयटीतला. :D

गोदीकामगार_७८
मी हल शॉपला. दाराचं उत्तर इथे देत नाही, त्यांनी स्वतः बघून मला सांगायचं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बाप्पा_वर्धेचे
आता दोन फिटर भेटले, धागा गेला कामातून. संपादक, कार्ल्सक्रोनासाठी येगळा धागा काढून द्या बॉ.